गो, वेंट आणि एक गोड चूक

बोडगेश्वराची जत्रा आटोपली, घरातलं खाजं संपलं आणि आता टेबलावर साचलेली पत्रं घेऊन बसलेय. गंमत बघा, चार पत्रं चार गावांतून आली आणि चारही एकाच क्रियापदावरून, इंग्रजीतलं सगळ्यात साधं वाटणारं 'गो'. म्हणून ह्या अंकात दुसरं काही घेतच नाही. स्पेलिंगवाल्यांनी रागावू नये, तुमचा नंबर पुढच्या वेळी.

प्रश्न : माझी मुलगी तिसरीत आहे, मराठी शाळेत. 'काल मी जत्रेला गेले' ह्याचं इंग्रजी करताना तिने गो ला सरळ ईडी लावून 'आय गोड' असं लिहिलं. बाईंनी लाल शाईने काट मारली. आता ती मला विचारते, प्लेचं प्लेड, वॉकचं वॉक्ड, मग गोचं वेंट कशाला? मी सांगितलं पाठ कर. ती म्हणते, पाठ करते पण का? मला उत्तर येत नाही.
— एक आई, म्हापसा

उत्तर : आधी मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. ती चुकली खरी पण डोकं लावून चुकली, आणि अशी गोड चूक इंग्लंडमधली पोरंसुद्धा करतात, तीन-चार वर्षांची असताना तीही 'गोड' म्हणतात. आपली लहान मुलं नाही का 'मी केलं'च्या जागी 'मी करलं' म्हणत, तसंच ते. नियम कळला की मूल तो सगळीकडे लावून बघतं.

आता का ते सांगते. खरी गोष्ट अशी की गो ला स्वतःचा भूतकाळ कधीच नव्हता. म्हणजे इंग्रजी भाषा जितकी मागे जाऊन वाचता येते तितकी मागे गेलात, हजार-बाराशे वर्षं, तरी नाही. तेव्हा गो चं रूप होतं 'गान' आणि त्याचा भूतकाळ होता 'एओदे', ज्याचा गो शी काही संबंध नाही, ते भलत्याच धातूवरून आलेलं. पुढे त्या एओदेचं झिजून झिजून 'येडे' झालं. हसू नका, खरंच येडे. त्या काळचा इंग्रज 'मी बाजारात येडे' अशा धर्तीवर बोलायचा.

त्याच काळात आणखी एक क्रियापद होतं, 'वेंड'. त्याचा मूळ अर्थ वळणे, वळवणे. हे वाइंडचं भावंड, घाटातल्या रस्त्याला आपण वाइंडिंग रोड म्हणतो ना त्यातलं. चोर्ल्याच्या घाटातून गाडी वळणं घेत घेत जाते तसं वळत वळत जाणे म्हणजे वेंड. आता वळण्याचा अर्थ जाणे कसा झाला असं विचाराल तर आपल्या मराठीतच बघा, 'तो घराकडे वळला' म्हणजे घरी गेलाच की, 'पावलं देवळाकडे वळली' म्हणजे देवळाकडे निघाला. ह्या वेंडचा भूतकाळ होता वेंट. सेंड-सेंट, बेंड-बेंट, स्पेंड-स्पेंट, लेंड-लेंट, त्याच ओळीत वेंड-वेंट. मुलीला ही ओळ म्हणून दाखवा, तिला पटेल की वेंट हा आकाशातून पडलेला नाही, चांगला नियमातला आहे, फक्त तो दुसऱ्याच्या घरचा आहे.

मग काय झालं, येडे मागे पडत गेला आणि लोक 'गेला' म्हणायला वेंट वापरायला लागले, आणि साधारण १५०० च्या सुमाराला वेंट गो च्या घरी कायमचा राहायला आला. म्हणजे १५१० मध्ये आल्बुकेर्कने गोवा घेतला त्याच्या आसपासच तिकडे वेंटने गो चा भूतकाळ घेतला असं लक्षात ठेवा, तारीख चुकणार नाही. बिचाऱ्या वेंडला मग नवीन भूतकाळ करून घ्यावा लागला, वेंडेड. आज तो 'वेंड युअर वे' अशा एखाद्या ठरीव प्रयोगापुरता उरलाय. आणि गॉन? तो मात्र गो चा सख्खा आहे, मूळचाच. म्हणजे गो, वेंट, गॉन म्हणताना मधलाच तेवढा पाहुणा.

अजून एक गंमत, आणि ही बाईंना जरूर सांगा पण नम्रपणे. हा वेंट दक्षिण इंग्लंडमधून पसरला. उत्तरेकडे आणि स्कॉटलंडमध्ये लोकांनी येडे टाकल्यावर दुसरा मार्ग धरला, तिकडे गो ला भूतकाळाचा प्रत्ययच लावून 'गेड' केलं. म्हणजे तुमच्या मुलीने जे केलं तेच. ती म्हापशाऐवजी स्कॉटलंडमध्ये जन्मली असती तर कदाचित तिला काट न पडता बरोबरची खूण मिळाली असती.

पण खरं सांगू का, हे सगळं ऐकून 'इंग्रजी भाषाच येडी' असं म्हणायची आपल्याला सोय नाही. मुलीचं मूळ मराठी वाक्य परत वाचा. काल मी जत्रेला गेले. जाणे ह्या क्रियापदाचा भूतकाळ 'गेले' कसा हो? ज चा ग कुठून झाला? आपण जन्मभर बोलतो आणि कधी अडत नाही. जाणे आलं संस्कृतातल्या 'या' धातूवरून, याति म्हणजे जातो. प्राकृतात सुरुवातीच्या य चा ज होतो, योगीचा जोगी, यवाचा जव, यमुनेची जमना, तसंच याति चं जाइ आणि मग आपलं जा. आणि गेला आलं 'गम्' वरून, गत म्हणजे गेलेला, त्याला प्राकृतात शेपूट लागून गेला. दोन वेगळे धातू, एक वर्तमानकाळ सांभाळतो एक भूतकाळ. अगदी गो आणि वेंट. हिंदीत जाना आणि गया, तीच कथा.

आणि तुमच्या मुलीच्या वाक्यात तर दोन्ही धातू एकदम आलेत, कारण जत्रा म्हणजे यात्रा, आणि यात्रा म्हणजे त्याच 'या' धातूचं लेकरू. जत्रेला गेले! तिला कळलं तर उड्या मारेल.

बरं समजा, आपणही तिच्यासारखा नियम लावला आणि जा चं 'जाला' केलं तर? तर आपल्या गोव्यात मोठा घोटाळा, कारण कोंकणीत जालो म्हणजे झाला. 'हांव जालो' म्हटलं की समोरचा विचारणार, काय झालास बाबा? जुन्या मराठीतही झाला ह्या अर्थी जाला लिहायचे. म्हणजे ती जागा आधीच भरलेली.

कोंकणीचा विषय निघालाच आहे तर ऐका, तिथे तर जा पण नाही. बसमध्ये कंडक्टर ओरडतो ना, 'फाटीं वचात, फाटीं वचात', तो वच. वचप म्हणजे जाणे. खंय वता? असं विचारतात, पण भूतकाळ आला की गेलो. वच आणि गेलो ह्यांच्यात तर एक अक्षरसुद्धा जुळत नाही, तरी गोव्यातलं दोन वर्षांचं पोर हे न चुकता बोलतं. हा वच संस्कृत व्रज् वरून आलेला, आणि तो काही कोंकणीची खाजगी मालमत्ता नाही बरं, जुन्या मराठीतही वचणे होतं, ज्ञानेश्वरीत सापडतं. आपण टाकलं, त्यांनी ठेवलं, एवढंच. (ह्यावरून मराठी-कोंकणी वाद उकरून पत्रं पाठवू नका, मी उत्तर देणार नाही.)

आणि आपल्या घरात कोणी पोर्तुगीज काळात शिकलेलं आजोबा-आजी असेल तर त्यांना विचारा, पोर्तुगीजमध्ये जाणे म्हणजे काय. ते सांगतील 'ईर'. मी जातो? 'वोउ'. मी गेलो? 'फुय'. तीन रूपं तीन घरची. त्यातला वोउ लॅटिनमधल्या दुसऱ्याच क्रियापदाचा, आणि फुय म्हणजे तर कहर आहे, तो असणेचा भूतकाळ. म्हणजे 'मी मास्तर होतो' आणि 'मी लिस्बनला गेलो' ह्या दोन्ही वाक्यांत क्रियापद तेच, फुय. आमच्या शेजारी एक म्हातारे होते, ते म्हणायचे, आम्ही सालाझारच्या (पोर्तुगालचा हुकूमशहा) काळात गेलो की होतो तेच कळत नव्हतं.

ह्या प्रकाराला इंग्रजी व्याकरणात सप्लीशन म्हणतात, पण आपल्याकडे त्याचं नाव कितीतरी जुनं आहे, आदेश. एका धातूच्या जागी दुसरा बसवायचा. पाणिनीने अष्टाध्यायीत सूत्रच दिलंय, 'इणो गा लुङि'. म्हणजे जाणे अर्थाचा जो 'इ' धातू, त्याच्या जागी लुङ् ह्या भूतकाळात 'गा' घ्यावा. वाचलंत? जाणे, आणि भूतकाळात दुसरा धातू. इंग्रजी भाषा जन्माला यायच्या हजारभर वर्षं आधीची गोष्ट. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना दृश् चं पश्यति आठवत असेल, तोही ह्याच जातीचा.

मग असं होतं तरी का आणि टिकतं कसं? टिकण्याचं कारण सोपं आहे, वापर. जो शब्द दिवसातून शंभर वेळा तोंडात येतो तो पोराच्या कानावर इतका पडतो की नियम लावायच्या आधी तोच पाठ होतो. कमी वापरातल्या शब्दांचं तसं नाही, ते नियमाच्या रांगेत जाऊन उभे राहतात. हेल्पचा भूतकाळ एके काळी होल्प होता, आज हेल्प्ड. म्हणून बघा, वेडीवाकडी रूपं नेहमी असणे, जाणे, करणे, चांगला, वाईट अशाच रोजच्या शब्दांची सापडतात. गुड-बेटर, बॅड-वर्स, आणि ॲम-इज-वॉज-बी तर बाजारच आहे. त्यातला वॉज आपल्या वस् धातूचा नातलग, वस्ती, निवास ह्यातला. आणि बी भू चा.

तर मुलीला सांगा, वेंट पाठ करायचंच आहे, सुटका नाही, पण ती आधीच एक असं क्रियापद विनातक्रार पाठ करून बसलीये, नव्हे कोंकणी धरून दोन.

प्रश्न : मी कळंगुटला हॉटेलात रिसेप्शनला असतो. एका गोऱ्या गेस्टने मॅनेजर कुठे विचारलं, मी म्हटलं 'ही हॅज बीन टू मडगाव'. तो तिथेच सोफ्यावर बसून राहिला, वाट बघत. नंतर मॅनेजर मलाच ओरडला. माझं काय चुकलं?
— एक वाचक, बार्देश

उत्तर : तुम्ही त्याला सांगितलं की मॅनेजर मडगावला जाऊन आलाय. म्हणजे आता इथेच कुठेतरी आहे. मग तो बसणारच ना.

हॅज गॉन म्हणजे गेलाय, अजून तिकडेच आहे. हॅज बीन म्हणजे जाऊन आलाय. कोंकणीत 'गेला' आणि 'वचून आयला', इतका साधा फरक. तुम्हाला हवं होतं ही हॅज गॉन टू मडगाव. आणि काल, सकाळी, दहा वाजता असली वेळ सांगायची असेल तर हॅज नकोच, ही वेंट टू मडगाव ॲट टेन. हॅज गॉन येस्टर्डे हे मी रोज ऐकते, आणि रोज कानाला खडा लागतो.

तुमच्या कामाचं आणखी दोन-तीन सांगून टाकते. गो टू होम नाही, गो होम. गो देअर, गो अब्रॉड, गो अपस्टेअर्स, इथे टू लावायचा नाही कारण घरी, तिथे, परदेशी ह्यातला प्रत्यय त्या शब्दांतच शिरलेला आहे. गो टू शॉपिंग नाही, गो शॉपिंग. तसंच गो स्विमिंग, गो फिशिंग, पण वॉकसाठी गो फॉर अ वॉक.

आणि चर्च. गो टू चर्च म्हणजे रविवारी मिसाला जाणे, भाविक म्हणून. गो टू द चर्च म्हणजे त्या इमारतीकडे जाणे, मग कशासाठीही. ओल्ड गोव्याला फोटो काढायला जाणारा टुरिस्ट गो टू द चर्च करतो, तिथली शेजारची म्हातारी गो टू चर्च करते. स्कूल, हॉस्पिटल, बेड, सगळीकडे हेच. पोरगं गोज टू स्कूल, त्याची तक्रार ऐकायला बोलावलेला बाप गोज टू द स्कूल.

गेस्टने कधी 'द फिश हॅज गॉन ऑफ' म्हटलं तर मासा कुठे निघून गेला नाही, तो खराब झालाय, लगेच प्लेट उचला. गो बॅड, गो मॅड, गो ब्लाइंड, असा गो बहुतेक बिघाडाकडेच जातो. आपलंही तसंच आहे, वाया गेलं, कामातून गेला, आणि पावसाळ्यात रोज जातो तो करंट.

प्रश्न : माझा भाचा स्विंडनला असतो. सुट्टीत आला होता, मी बाजारात निघताना त्याच्या इंग्लिश बायकोला म्हटलं 'आय विल गो अँड कम'. दोघं हसली. ह्यात हसण्यासारखं काय? व्याकरण तर बरोबर आहे.
— एक आत्या, फोंडा

उत्तर : आत्याबाई, व्याकरण बरोबरच आहे, तुम्ही बिनधास्त म्हणा. पण इंग्रज असं म्हणत नाही, तो 'आय विल बी बॅक' म्हणेल, नाहीतर नुसतं 'सी यू' म्हणून बाहेर पडेल. तुम्ही 'जाऊन येते', 'वचून येतां' हेच इंग्रजीत बोललात. आपल्यात नुसतं 'जाते' म्हणवत नाही, कारण गेला म्हणजे कायमचा गेला असाही अर्थ आहे, म्हणून उंबऱ्यावर उभं राहून जाणारा माणूस 'येतो' म्हणतो आणि सगळ्यांना ते बरोबर कळतं. तुमच्या भाचेसुनेला एवढं समजावून सांगितलंत तर ती हसायची थांबेल, कदाचित स्वतःच म्हणायला लागेल.

येणं आणि जाणं हे प्रत्येक भाषा आपापल्या जागेवरून बघते. जेवायला हाक मारली की आपण बाथरूममधून ओरडतो 'आले आले!', अजून टॉवेल सापडलेला नसतो पण बोलणं भूतकाळात. इंग्रज 'कमिंग!' म्हणतो, येतोय. आणि पोर्तुगीज काय म्हणतो माहितीये? 'झा वोउ', म्हणजे जातोच! तो आपल्या जागेवरून बघतो, आपण आणि इंग्रज हाक मारणाऱ्याच्या जागेवरून. फोनवर 'उद्या तुमच्याकडे येते' म्हणतो तेही तसंच, तिथे इंग्रजीत कमच हवं. 'आय ॲम गोइंग टू युअर हाउस टुमॉरो' असं त्याच घरच्या माणसाला सांगितलंत तर तो बुचकळ्यात पडेल, की मी नसताना ही घरात काय करणार.

आता शेवटची गंमत. गो आणि आपला गम् एकसारखे दिसतात म्हणून पुष्कळ लोक मला सांगतात की बघा, गो संस्कृतातून आला. नाही आला. गो चं गम् शी नातं नाही. गम् चं नातं आहे ते कम शी! हजारो वर्षांपूर्वीचा एकच मूळ धातू, आपल्याकडे तो जाण्याचा झाला, इंग्रजीत येण्याचा. पोर्तुगीजमधला 'वीर', म्हणजे येणे, तोही ह्याच घरातला. आपणसुद्धा आ लावला की आगमन करतोच, तेव्हा येणं त्याला नवीन नाही. म्हणजे तुम्ही 'गेले' म्हणता तेव्हा इंग्रजी कमचाच चुलतभाऊ बोलत असता. भाच्याला सांगा, आय विल गो अँड कम मधलं अर्धं तर आमचंच आहे.

प्रश्न : 'बिफोर टू इयर्स' की 'टू इयर्स अगो'?
— एक विद्यार्थी, साखळी

उत्तर : टू इयर्स अगो. आजपासून मागे मोजायचं असेल तर अगोच, आणि तो आकड्याच्या नंतर येतो. बिफोरच्या पुढे एखादी घटना किंवा तारीख लागते, बिफोर द एक्झाम, बिफोर चवथ.

आणि हा अगो म्हणजेसुद्धा गॉनच आहे, जुन्या इंग्रजीत 'निघून गेलेला' असा अर्थ होता. टू इयर्स अगो, दोन वर्षं गेली. आपण 'गेल्या वर्षी' म्हणतो तोच हिशोब. त्यात दडलेलं 'गॉन' आठवलं की तो शब्द शेवटी का येतो तेही आठवेल.